चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत?

(वार्षिक सभेतील भाषण)



२०२० व २०२१ या वर्षांत कोविडच्या बातम्यांत ‘पॉझिटिव्हिटी रेट’ हा शब्द आपण रोज वाचत होतो. ज्यांची तपासणी झाली त्यांपैकी शेकडा किती बाधित आढळले, एवढाच त्याचा अर्थ. मात्र तपासणी कोणाची झाली हे कळल्याखेरीज तो आकडा अपुराच राहतो.

कल्पना करू या, दहा हजार वस्तीच्या गावात १०० जण बाधित आहेत. पहिल्या दिवशी ताप-खोकला असलेल्या २०० जणांचीच तपासणी झाली व ४० बाधित सापडले. प्रमाण २० टक्के. दुसऱ्या दिवशी सबंध गाव तपासले व शंभरही जण सापडले. प्रमाण १ टक्का. एक म्हणेल, रुग्ण अडीचपट झाले. दुसरा म्हणेल, साथ ओसरली. वस्तुतः साथ होती तेवढीच होती.

३१ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर २०२० रोजी स्लोव्हाकिया या देशाने सुमारे ३६ लाख नागरिकांची अँटिजेन चाचणी केली. प्रमाण जेमतेम १ टक्का निघाले. पण त्या एका टक्क्यात ३८ हजारांहून अधिक माणसे होती.

तपासणीवाचून संसर्ग किती दडून राहतो, हे आपल्या मुंबईत दिसले. जुलै २०२० मधील तीन प्रभागांच्या रक्तसर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. त्यांतील बहुतेकांची नोंद बाधितांच्या यादीत कधी झालीच नव्हती.

सरसकट तपासणीलाही मर्यादा आहे. हजारात एकच जण बाधित असेल आणि चाचणी शंभर निरोगी माणसांत एकाला चुकून बाधित ठरवीत असेल, तर बाधित ठरलेल्या अकरांपैकी दहा जण निरोगी असतात. अशा वेळी फेरतपासणी आवश्यक ठरते. घाबरून जाण्याचे कारण नसते.

देणगीदारांस नम्र विनंती अशी की, प्रयोगशाळेस दिलेल्या देणगीमुळे साथीच्या काळात बाधितांची संख्या वाढलेली दिसली, तर खेद मानू नये. वेळीच कळलेला रुग्ण घरातील वृद्धांना वाचवतो. न मोजलेला रुग्ण पुष्कळदा अतिदक्षता विभागाच्या दारातच भेटतो. आप्तेष्टांनीही कोणताही आकडा ऐकला की एवढेच विचारावे : तपासणी किती जणांची, आणि कोणाची?