उन्हाळ्याची सहल आणि आपले धवले

(कोन येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बालपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही आईसमवेत मुंबईस राणीची बाग पाहावयास जात असू. परतताना आई धवले गुणगुणे. शहर पाहून आलेल्या आम्हांस त्याची लाज वाटे. पुढे शिक्षक होऊन आम्ही मुलांकडून शेकडो कविता पाठ करून घेतल्या. आईचा एक धवला मात्र उतरून घेतला नाही. ती गेली, तिचे धवलेही गेले.

आपल्या आगरी समाजात पूर्वी धवलारीण धवले गाऊन लग्न लावीत असे. आज हळदीला ध्वनिवर्धक गर्जतात. म्हणून विनंती एवढीच, की येत्या वैशाखात मुलांस कर्नाळ्यास न्यावे, मुंबईही दाखवावी. परंतु घरातील आजीस सोबत घ्यावे. झाडाच्या सावलीत तिला गावयास सांगावे आणि एकाने वही घेऊन बसावे. आमच्याकडून राहिले, ते आपणाकडून घडो.