सेवेने जोडलेले घर
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात चलथाण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षे एखादी संस्था चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. अशा प्रसंगी संस्थेचा गौरव करण्याची चाल आहे, आणि तो माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. मी पडलो शाळामास्तर. तेव्हा समोर बसलेल्या तरुणांशी दोन शब्द बोलणे मला अधिक साजेल. माझा विषय असा, की तरुण वयात परक्या देशी सेवेला गेलेल्या माणसाला तेथे आपलेपणा कसा लाभतो?

चलथाणात हा प्रश्न अगदीच अनोळखी नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील सुरत–भुसावळ रेल्वेने खानदेशातून इकडे आले. ऊसतोडीच्या हंगामात आजही कोयता घेऊन आलेल्या कुटुंबांचे पडाव आपल्या शिवारात पडतात. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे आपणास कोणी शिकवावयास नको. परंतु पोटाची चिंता नसताना, केवळ परक्याच्या दुःखासाठी गाव सोडणारे विरळा. असा एक तरुण आपल्या मराठी मुलखातच होऊन गेला. ते म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चीनचे सेनानी चू ते यांनी भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली. पंडित नेहरूंनी आणि त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी ती हाक उचलून धरली. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरी लोकांनी सुमारे २२,००० रुपयांचा निधी उभा केला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर बोटीने निघाले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस त्यांच्यासोबत होते. तत्पूर्वी, १९१२ साली, बाल्कन युद्धाच्या वेळी दिल्लीचे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी असेच एक वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्थानात गेले होते. आमच्या घरी या वृत्तीला खिदमत म्हणतात, शेजारच्या घरी सेवा म्हणतात. शब्द दोन, वस्तू एकच.

कोटणीस चीनमध्ये पोचले तेव्हा वय सत्तावीस, आणि ओळखीचे म्हणावे तर बरोबरचे चौघे. त्यांना तेथे घर मिळाले ते कोणी पाहुणचार केला म्हणून नव्हे. मला त्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण भाषा. चिनी लिपी किती बिकट, हे आपण ऐकून आहोत. कोटणीसांनी ती नेटाने शिकून घेतली. दुभाष्यामार्फत रोग्याची नाडी पाहता येते, पण त्याला धीर देता येत नाही. पुढे ते विद्यार्थ्यांना चिनी भाषेतूनच शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहू लागले.

दुसरे कारण काम. १९४० साली ते उत्तर चीनमधील आघाडीवर गेले. तेथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून आदल्याच वर्षी जखमींची सेवा करता करता रक्तदोषाने वारले होते. एका लढाईच्या वेळी कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. रुग्णालय म्हणजे टोलेजंग इमारत नव्हे. डोंगराळ खेड्यातील साधी घरे. अशा ठिकाणी सारे गावच डॉक्टरला ओळखते आणि डॉक्टर गावाला.

तिसरे कारण टिकून राहणे. पाचांपैकी तिघे आपला वाटा उचलून परतले. त्यात कमीपणा मुळीच नाही. डॉ. बसू आणि कोटणीस मागे राहिले. १९४१ च्या अखेरीस कोटणीसांनी तेथील परिचारिकांच्या शिक्षिका को चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेविले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन्ही घरे एका नावात आली.

पण मित्रांनो, हे घर फुकट मिळाले नव्हते. चुंगकिंगमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी कोटणीसांना कळली. परत जा, असे सहकाऱ्यांनी सुचविले. ते गेले नाहीत. त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आणि सोलापूरच्या घरी मागे राहिलेल्यांचे काय झाले असेल, याचीही करावयास हवी. चरित्रे सांगताना आपण ही बाजू गाळतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे होते. आईला पुत्राचे मुख पुन्हा दिसले नाही.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, संबंध दुरावले. तरी चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी जपली गेली आहे. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांचे टपाल तिकीट काढले. सरकारांचे सख्य येते आणि जाते. ज्याने जखम बांधली त्याला गाव विसरत नाही.

यातून आपण काय घ्यावे? तरुणांना माझे सांगणे असे, की परदेशाची वाट पाहू नका. आपल्या शिवारातील पडावावर जी मुले हंगामापुरती येतात, त्यांची शाळा मध्येच तुटते. त्यांच्या बोलीत दोन शब्द बोला, त्यांना अक्षरओळख करून द्या, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवा. तेथे तुम्हाला आपलेपणा लाभला, तर जगात कोठेही लाभेल. उद्या कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा शिक्षक होऊन दूरदेशी सेवेला जाईल, तर त्याने आधी तेथील भाषा शिकावी.

आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. सेवेला जाणाऱ्या मुलाचा सत्कार आपण करतो, हार घालतो, छायाचित्र काढतो. त्यानंतर त्याच्या घरी म्हातारे आईबाप राहतात, धाकट्या बहिणीची फी राहते, दवाखान्याचे बिल राहते. ज्या घरात मिळवता तो एकटाच, तेथला मुलगा इच्छा असूनही पाऊल उचलू शकत नाही. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून एक भाग यासाठी वेगळा ठेवावा: जो वर्षभर सेवेला जाईल, त्याच्या घरची वर्षभराची काळजी ट्रस्टने वाहावी. परक्या मुलखात तो आपले घर आपल्या कष्टाने उभे करील. त्याने मागे ठेवलेले घर पडू न देणे हे आपले काम आहे.