सेवेपूर्वीची प्रतीक्षा



'ईक्ष्' म्हणजे पाहणे. या एकाच धातूस निरनिराळे उपसर्ग लागून अपेक्षा, परीक्षा, उपेक्षा आणि प्रतीक्षा हे शब्द सिद्ध होतात. सेवेसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या माणसास निघण्यापूर्वीच या चारहींचा अनुभव घ्यावा लागतो.

उदाहरणादाखल अमेरिकेचे शांतिदल, म्हणजे पीस कोअर, घेऊ. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी त्याची स्थापना केली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर पहिली तुकडी घाना देशात उतरली. तीन महिने प्रशिक्षण व दोन वर्षे प्रत्यक्ष कार्य, असा हा २७ महिन्यांचा संकल्प असतो. परंतु संकल्प आणि प्रस्थान यांच्यामध्ये अर्ज, मुलाखत, निमंत्रण, आरोग्यतपासणी व पूर्वचारित्र्याची चौकशी अशा पायऱ्या आहेत आणि त्यांत महिनेच्या महिने लोटतात. ही परीक्षा अन्यायाची नव्हे. जेथे रुग्णालय दूर आहे, तेथे आजारी सेवक गावालाच भार होतो.

अपेक्षेचे म्हणाल, तर पूर्वी उमेदवारास देश निवडता येत नसे. २०१४ मध्ये ती मुभा मिळाली; तथापि 'जेथे गरज असेल तेथे पाठवा' असे सांगण्याची सोयही राहिली. हे सांगणे मला अधिक योग्य वाटते; कारण बोलावणारा यजमान आहे आणि गरज त्याची आहे. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन या १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, या दलात दाखल झाल्या. व्यवसायाने त्या परिचारिका होत्या. त्यांची नेमणूक झाली ती आपल्या मुंबईतील विक्रोळीस!

आता उपेक्षा. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे साठांहून अधिक देशांतील सुमारे सात हजार स्वयंसेवक एकाएकी परत बोलावले गेले. पुन्हा तुकड्या निघाल्या त्या मार्च २०२२ मध्ये. परतलेल्यांची निदान वार्ता तरी झाली. पण सामान बांधून घरीच बसलेल्यांची विचारपूस कोणी करावी? त्यांना ना इकडचे काम उरले, ना तिकडचे मिळाले. दोष कोणाचाही नसता माणूस असा अधांतरी राहतो, हे खरे दुःख होय.

म्हणून प्रतीक्षा कशी करावी, याचा विचार अवश्य आहे. सर्व मंजुऱ्या हाती येईपर्यंत चालू नोकरी सोडू नये. जेथे जाणे संभवते, तेथील भाषेचे चार शब्द रोज शिकावेत. ज्यास परदेशी मुलांना शिकवावयाचे आहे, त्याने शेजारच्या मुलास आजच जवळ बसवावे. नेमणूक आली, तर हा अभ्यास तेथे उपयोगी पडेल. न आली, तरी त्या मुलाचे शिक्षण वाया जाणार नाही.

'प्रति' म्हणजे कडे. दृष्टी टपालाकडे लागली, तर प्रत्येक दिवस रिकामा जातो. ज्यांच्यासाठी जावयाचे त्यांच्याकडे लागली, तर त्याच दिवसांत तयारी होते. घरून निरोप देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही 'अजून गेला नाहीस का?' असे विचारण्याऐवजी 'आज काय शिकलास?' असे विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.