अल्पाचें माप



अनेक वर्षें इंग्रजी शिकविल्यावर माझी अशी खात्री झाली आहे कीं, परक्या भाषेंतील मोठाले शब्द विद्यार्थ्याला लवकर येतात; त्याला अडवितात ते लहान शब्द. 'अगदीं थोडें' एवढीच गोष्ट घ्या. आपण चिमूटभर मीठ, घोटभर पाणी, गुंजभर सोनें म्हणतों. मीठ घोटभर आणि पाणी चिमूटभर असें आपल्याकडचें लहान मूलहि म्हणणार नाहीं. इंग्रजींतहि प्रत्येक वस्तूचें लहान माप असेंच ठरलेलें आहे. मीठ 'पिंच'नें म्हणजे चिमटीनें, पाणी 'ड्रॉप'नें म्हणजे थेंबानें आणि धूळ 'स्पेक'नें म्हणजे कणानें मोजावयाची.

अडचण पुढेंच आहे. कारण हीं मापें मनाच्या व्यवहारांतहि चालतात. सत्याला 'ग्रेन' म्हणजे धान्याचा दाणा, समाधानाला 'क्रम्ब' म्हणजे पावाचा चुरा, पुराव्याला 'श्रेड' म्हणजे चिंधी, आशेला 'रे' म्हणजे किरण आणि शंकेला 'शॅडो' म्हणजे सावली. आशा प्रकाशानें मोजावी व शंका सावलीनें, यांत औचित्यहि आहे. 'त्याला काडीची अक्कल नाहीं' याचें भाषांतर करतांना माझ्या एका विद्यार्थ्यानें खरोखरच 'स्टिक' हा शब्द वापरला होता. इंग्रज मनुष्य अक्कल काडीनें मोजीत नाहीं. ती तो 'औंसा'नें तोलतो!

हीं मापें रोजच्या व्यवहारांतूनच आलीं आहेत. धान्याच्या दाण्यावरून 'ग्रेन' हें वजन निघालें. १८३३ मध्यें कंपनी सरकारनें तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. आपले सोनार तोळ्याच्या ९६ गुंजा धरीत. दोन्ही समाजांनीं लहानांतलें लहान वजन बीजांतच शोधलें. 'आयोटा' हा शब्द मात्र ग्रीक वर्णमालेंतील सर्वांत लहान अक्षराचें नांव आहे.

याहून महत्त्वाची एक खूण आहे. 'श्रेड', 'आयोटा' हे शब्द बहुधा नकाराच्या संगतींत येतात: पुराव्याची चिंधीहि नाहीं. आपली 'काडी' आणि 'तिळमात्र' तशींच. उलट 'रे', 'ग्रेन', 'क्रम्ब' हे बहुधा होकाराचे सोबती: आशेचा किरण आहे, त्यांत सत्याचा कण आहे. थोडेपण तेंच, पण एक शब्द दार लावून घेतो, दुसरा तें किलकिलें ठेवतो.

हें मला फार उशिरां कळलें. नोकरीच्या आरंभीं शेजारच्या एक बाई इंग्रजी पत्र घेऊन आल्या. मुलगा परगांवच्या रुग्णालयांत होता. "मास्तर, काय लिहिलें आहे तेवढें सांगा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनीं 'लिटिल होप' असे शब्द लिहिले होते. लिटिल म्हणजे थोडें, हें मी रोज वर्गांत घोकून घेत असें. मीं सांगितलें, "थोडी आशा आहे." बाईंनीं देवाला साखर ठेवली आणि घरची व्यवस्था लावून दोन दिवसांनीं निघावयाचें ठरविलें.

इंग्रजींत 'ए लिटिल होप' म्हणजे थोडी आशा आहे. नुसतें 'लिटिल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाहींच. पत्रांत तो 'ए' नव्हता. बाई पोंचल्या तेव्हां मुलगा गेलेला होता.

त्यांनीं मला कधीं बोल लावला नाहीं. कारण चूक झाली हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. तें सांगण्याचें धैर्य त्यांच्या हयातींत मला झालें नाहीं. पुढें मात्र प्रत्येक वर्गाला पहिल्याच आठवड्यांत मी हा 'ए' शिकवीत आलों.

म्हणून माझी विनंति एवढीच कीं, घरीं मुलांचा अभ्यास घेतांना शब्द एकटा पाठ करवूं नका. त्याचा सोबती कोण, आणि तो होकाराच्या घरचा कीं नकाराच्या, हेंहि विचारा. एका अक्षराचें वजन कधीं कधीं कोणत्याहि तराजूंत मावत नाहीं.