संगणक कोणत्या साधनावरून सुरू झाला?



शाळेतील संगणकाला पेन ड्राइव्ह जोडलेला आहे. कळ दाबताच पडदा उजळतो आणि शिक्षक दिवसभर गुणांचे तक्ते भरतो. दुसऱ्या दिवशी पाहावे, तो एकही तक्ता जागेवर नाही! कारण संगणक आदल्या दिवशी हार्ड डिस्कवरून सुरू झालेलाच नव्हता. पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली पुष्कळदा आपले काम तात्पुरत्या स्मृतीतच ठेवते. संगणक बंद होताच ते लोपते. यास्तव पडद्याच्या रूपावर विसंबू नये, पुरावा पाहावा.

संगणकाच्या मुख्य फलकावर एक छोटी आज्ञावली कायम वसत असते. जुन्या संगणकांत तिला बायोस व नव्या संगणकांत यूईएफआय म्हणतात. ठरवून दिलेल्या क्रमाने ती एकेक साधन तपासते. बायोस साधनाचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचते आणि त्याच्या शेवटी दोन बाइटांची ठराविक खूण आढळली, की पुढील सूत्रे त्या खंडाकडे सोपविते. मात्र पेन ड्राइव्हवरून आरंभ झाल्यास बायोस बहुधा त्यालाच पहिल्या डिस्कचा क्रमांक देते. म्हणून 'पहिली डिस्क' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. यूईएफआय मात्र आरंभाची नोंद 'बूटकरंट' या नावाने ठेविते.

विंडोज प्रणालीत 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. आरंभाच्या फायली ज्या भागात असतात त्यापुढे 'सिस्टीम' व खुद्द विंडोज ज्या भागात असते त्यापुढे 'बूट' असे लिहिलेले असते. नावे उलटी वाटली तरी अर्थ हाच होय.

लिनक्समध्ये 'एल-एस-बी-एल-के' ही पाच अक्षरी आज्ञा द्यावी. प्रत्येक साधन, त्याचा आकार व त्याचे स्थान दिसते. ज्या भागापुढे केवळ एक तिरकी रेघ असते, तेथे चालू प्रणालीचे मूळ असते. परंतु आरंभ एका साधनावरून आणि मूळ दुसऱ्यावर, असेही घडू शकते. शिवाय 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे प्रत्येक वेळी तीच राहतील असे नाही. आज जे नाव पेन ड्राइव्हचे, ते उद्या हार्ड डिस्कचे असू शकते. केवळ नावावरून डिस्क पुसावयास घेणाऱ्याच्या हातून शाळेचे सारे दप्तर पुसले जाते. म्हणून आकार व 'यूयूआयडी' हा ओळखक्रमांक, दोन्ही ताडून पाहावेत.

सर्वांत सोपी परीक्षा अशी : संगणक रीतसर बंद करावा, पेन ड्राइव्ह काढावा व पुन्हा सुरू करावा. संगणक सुरूच झाला नाही, किंवा निराळीच प्रणाली उघडली, तर आधीचा आरंभ पेन ड्राइव्हवरून झाला होता असे समजावे. चालू स्थितीत मात्र तो कधीही उपसू नये.

हजेरी घेताना शिक्षक भरलेली बाके पाहून थांबत नाही. प्रत्येकाचे नाव पुकारतो. संगणकाच्या बाबतीतही तोच शिरस्ता पाळावा.