हाडांचा जमाखर्च



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि आपल्या समाजात ज्येष्ठांची संख्या वाढत असताना हाडांच्या एका चिवट विकाराची ओळख व्हावी, म्हणून हे चार शब्द.

हाड दगडासारखे निर्जीव नसते. जुने हाड झिजविणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशींचे कार्य त्यात आयुष्यभर चालते. हा जमाखर्च जुळतो तोवर हाड भक्कम राहते. ‘पॅजेट’ विकारात मात्र एखाद्या भागातील झिजविणाऱ्या पेशी अनावर होतात आणि त्यांच्यामागे नवे हाड घाईने, वेडेवाकडे रचले जाते. ते आकाराने वाढते, बळाने घटते. कंबर, कणा, मांडी, नडगी व कवटी ही त्याची प्रमुख स्थाने.

लंडनचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७७ मध्ये याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या रुग्णाच्या टोपीचा घेर १८४४ मध्ये साडेबावीस इंच होता. १८७६ मध्ये तो सव्वासत्तावीस इंच झाला! आम्हा मापाच्या माणसांना हा आकडा पुरेसा बोलका आहे. कापडबाजाराला सुपरिचित अशा लँकेशायरच्या गिरणगावांत हा विकार ब्रिटनमध्ये सर्वाधिक आढळला, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पुढे तेथे त्याचे प्रमाण घटले. त्यामुळे अनुवंशासोबत परिस्थितीचाही वाटा असावा, असे अभ्यासक मानतात.

भारतात हा विकार विरळ आहे. म्हणूनच तो नजरेतून निसटतो. अनेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, नडगीला बाक किंवा बहिरेपणा येतो. रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असते. मात्र यकृताच्या विकारात किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावीही ते वाढते. म्हणून क्ष-किरण तपासणी व तज्ज्ञांचा निर्णय आवश्यक.

झोलेड्रॉनिक आम्ल शिरेतून एकदा दिल्याने बहुतेकांत विकार कित्येक वर्षे आटोक्यात राहतो. तत्पूर्वी ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंड व दात यांची तपासणी हवी. परंतु एकदा वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही, गेलेली श्रवणशक्ती सहसा परतत नाही.

यास्तव ‘वय झाले, दुखायचेच’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे झटकून टाकू नये, एवढीच नम्र विनंती.