१९० पौंडांत दहा बेटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी सायकलवरून बेटे फिरून आली, त्यावर दहा मिनिटे बोला." मी सातवी शिकलेली, परदेश पाहिलेला नाही. पण घरचा जमाखर्च लग्नापासून माझ्या हाती आहे. मुलीने सहलीचे काढले तेव्हा मी अट घातली होती की रोजचा खर्च वहीत लिहायचा आणि रोज रात्री कुठे मुक्काम केला ते कळवायचे. ती वही माझ्याकडे आहे, तिच्यावरूनच बोलते.

मुलगी स्कॉटलंडात ग्लासगोला शिकते. शिक्षणाला कर्ज काढलेले, तेव्हा सहलीला घरून पैसा द्यायचा नाही हे ठरलेलेच होते. सुट्टीच्या दिवशी एका खानावळीत ताटे धुऊन तिने दोनशे पौंड बाजूला टाकले होते. २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस ती आणि तिच्या खोलीतली मैत्रीण निघाल्या. सायकली रोजच्या वापरातल्या, जुन्या, तंबू मैत्रिणीचा.

ही बेटे म्हणजे औटर हेब्रिडीज, स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात. सगळी मिळून वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास. वॅटरसे बेटापासून उत्तरेला बट ऑफ लुइसच्या दीपगृहापर्यंत २९७ किलोमीटरची सायकलवाट २०१६मध्ये आखून दिली. दहा बेटे त्यात येतात. बहुतेक ठिकाणी समुद्रात भराव घालून रस्ता नेला आहे, दोन ठिकाणी मात्र बोटीने जावे लागते. वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे म्हणजे तो पाठीवर राहतो.

आता तुम्हां सर्वांच्या मनात असेल तोच प्रश्न माझ्याही मनात होता. दोन पोरींनी उघड्या माळावर झोपायचे? ह्यांनी तर साफ नाही म्हटले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. मग मी फोनवरून मुलीला विचारले, "दुसऱ्याच्या जमिनीत तंबू ठोकलात आणि मालकाने रात्री हाकलले तर?" तेव्हा तिने समजावून सांगितले ते असे.

स्कॉटलंडात २००३ साली जमिनीसंबंधी कायदा झाला. त्याने कोणालाही मोकळ्या माळावर, डोंगरावर, किनाऱ्यावर पायी किंवा सायकलवरून जाण्याचा आणि तंबूत रात्र काढण्याचा हक्क दिला. मोटार उभी करून तीत झोपणे त्यात येत नाही. शेजारच्या इंग्लंडातही अशी सरसकट मोकळीक नाही. पण हक्काबरोबर नियम आहेत. उभ्या पिकात किंवा बांधलेल्या जनावरांच्या कुरणात उतरायचे नाही, घरांपासून लांब राहायचे, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त थांबायचे नाही, आणि निघताना मागे काही ठेवायचे नाही. शौचाला पाण्यापासून निदान तीस मीटर दूर जाऊन खड्डा करून बुजवायचा. आपण बायकाच आहोत म्हणून सांगते, अडचणीच्या दिवसांतले काहीही तिथे पुरायचे नाही. घट्ट पिशवीत बांधून बरोबर न्यायचे आणि गावातल्या कचरापेटीत टाकायचे. मला तर हे फार पटले.

त्या जमिनीचा इतिहासही तिने सांगितला. वाट जिथे सुरू होते त्या वॅटरसे बेटावर भूमिहीन माणसांनी जमीनदाराच्या जागेत झोपड्या बांधल्या, बटाटे लावले, आणि त्यासाठी १९०८ साली त्यांतल्या दहा जणांनी तुरुंग भोगला. पुढल्याच वर्षी सरकारने ते बेट विकत घेऊन त्यांना जमीन दिली. त्याच बेटाच्या वाळूत पोरींचा पहिला तंबू पडला. पहिल्या रात्री दहा वाजता मला फोन आला तेव्हा तिकडे अजून उजेड होता, आपल्याकडे पहाटेचे अडीच!

आता वही. माणशी हिशेब सांगते. रेल्वे आणि बस ५२ पौंड, बोटी ३८ (सायकलीला बोटीत भाडे नाही), अन्न ६१, वसतिगृहात एक रात्र २४, हॅरिसमध्ये एका माळावर स्वेच्छेच्या पेटीत ९, चाकाची नळी व डागडुजी ६. एकूण १९०, म्हणजे आपले साडेएकवीस हजारांच्या वर. आठ रात्रींपैकी सहा रात्रींना एक पैसाही पडला नाही.

वसतिगृहाचे २४ पौंड मी स्वतः खर्चायला लावले. पाचव्या दिवशी यूइस्टमध्ये वाऱ्याने तंबूची काठी वाकली, पाऊस आत आला. पैसे वाचवायचे म्हणून ओल्या अंथरुणात दुसरी रात्र काढायचा विचार चालला होता. मी म्हटले, "आजारी पडलीस तर त्याचा खर्च कोणत्या पानावर लिहिशील?" मग बर्नरेला समुद्रकाठच्या गवती छपराच्या दगडी घरात उतरल्या. तिथे कपडे वाळले, काठी चिकटपट्टीने बांधली, दुसऱ्या दिवशी तासाभराच्या बोटीने हॅरिसला पोचल्या.

पुढे हॅरिस आणि लुइस. इथली माणसे रविवार फार कडक पाळतात. दुकाने बंद, जुन्या लोकांना त्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घातलेलेही रुचत नाहीत. स्टॉर्नोवे शहरातले मोठे दुकान २०२४च्या नोव्हेंबरपासून रविवारी उघडते, पण रस्त्यावरच्या गावात ते काय कामाचे? तेव्हा शनिवारीच दोन दिवसांचे ब्रेड नि बटाटे घेऊन ठेवायचे. आणखी एक त्रास चिलटांचा. वारा पडला की ढगासारखी येतात, म्हणून वारा लागेल अशा उंचवट्यावर तंबू ठोकायचा. मे महिन्यात ती कमी असतात.

ह्यांचे मत अजून पुरते बदललेले नाही. माझे मत विचाराल तर एकटीने जाऊ नये, दोघींनी जावे, आणि अन्नात काटकसर करू नये.

अन्न ६१ पौंडांत निभावले ते घरच्या शिदोरीमुळे. तिकडे दूधदुभत्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत, तुपातलेसुद्धा नाही, म्हणून ओळखीच्या एका विद्यार्थ्याबरोबर पाठवलेला रवा मी तेलावर भाजला होता. पुष्कळजणींनी प्रमाण विचारले आहे. अर्धा किलो जाड रव्याला पाऊण वाटी तेल. त्यात मोहरी, कढीलिंब, सुक्या मिरच्या आणि उडदाची डाळ चांगली कुरकुरीत करून मग रवा मंद आचेवर खमंग भाजावा. मीठ आणि थोडी साखर गार झाल्यावर घालावी. वाटीभर रव्याला दोन वाट्या उकळते पाणी ओतून झाकून ठेवले की पाच मिनिटांत उपमा फुलतो, आणि गॅस वाचतो.